हीमोग्लोबिनची बखर

राजघराण्यांच्या आणि किल्ल्यांच्या बखरी आपण आवडीने वाचत आलो, आणि त्यांतील तहनामे, फितुऱ्या, वेढे यांचा तपशील आपल्यातील कित्येकांना तोंडपाठ असतो. परंतु ज्या पदार्थाच्या इमानी चाकरीवर आपला प्रत्येक श्वास अवलंबून आहे, आणि ज्याच्या रचनेत एका ठिकाणी पडलेल्या अल्पशा फरकाने विदर्भातील व सातपुड्यातील असंख्य घरांत दुःखाने पिढीजात मुक्काम ठोकला आहे, त्या हीमोग्लोबिनचा इतिहासही तितक्याच आस्थेने सांगितला जावा, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. रक्त पाहण्याची, पारखण्याची आणि वाचण्याची जी विद्या गेल्या सव्वाशे वर्षांत सिद्ध झाली, तिचा इतिहास या रेणूच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. म्हणून दोहोंची हकीकत एकत्रच सांगणे भाग आहे.

देहातील प्रत्येक पेशीचा कारभार प्रथिने पाहतात. प्राणवायूची ने-आण, अन्नाचे पचन, स्नायूंचे आकुंचन, पेशीच्या आवरणातून कोणाला आत घ्यावे व कोणाला अडवावे याचा बंदोबस्त, कोणते जनुक केव्हा कार्यान्वित व्हावे आणि केव्हा स्तब्ध राहावे याचा हुकूम, ही सर्व कामे त्यांच्याकडे सोपवलेली असतात. प्रथिन म्हणजे वीस जातींच्या अमिनो आम्लांची ठराविक क्रमाने गुंफलेली साखळी. ही साखळी विशिष्ट रीतीने दुमडते, त्या दुमडण्यातून तिला आकार येतो, आणि त्या आकारातच तिचे सर्व सामर्थ्य साठवलेले असते. म्हणून क्रम बिघडला की आकार बिघडण्याचा संभव, आकार बिघडला की काम बिघडण्याचा संभव, आणि काम बिघडले की रोग, ही कार्यकारणपरंपरा आज शाळकरी मुलालाही सांगता येते. पण कोणत्याही एका मानवी रोगाच्या बाबतीत ती पुराव्यानिशी पहिल्याने सिद्ध झाली ती दात्रकोशिका पांडुरोगाच्या, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास सिकलसेल म्हणतात त्या रोगाच्या संबंधात.

या बखरीचे पहिले पान शिकागो शहरात लिहिले गेले. वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरचा वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा वीस वर्षांचा तरुण 1904 साली दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी अमेरिकेत आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, खोकला, ताप व अशक्तता यांनी बेजार होऊन, शिकागोच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या उमेदवार डॉक्टराने त्याच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा नेहमीच्या गोल, मध्ये किंचित दबलेल्या तांबड्या पेशींच्या गर्दीत त्याला काही लांबट, टोकदार, विळ्याच्या पात्यासारख्या वाकलेल्या पेशी दिसल्या. आयर्न्सने त्यांची नोंद केली, चित्रे काढली, आणि आपले वरिष्ठ जेम्स हेरिक यांच्या नजरेस ती गोष्ट आणून दिली. हेरिक हे उतावीळ गृहस्थ नव्हते. त्यांनी रुग्णाला दीर्घकाळ देखरेखीखाली ठेवले आणि 1910 साली, एकट्याच्या नावाने, ती हकीकत प्रसिद्ध केली. नोएल शिक्षण पुरे करून ग्रेनाडाला परतला, सेंट जॉर्जेस येथे त्याने व्यवसाय केला, आणि 1916 साली न्यूमोनियाने त्याचे निधन झाले. ज्याच्या रक्ताने वैद्यकाला एक नवे प्रकरण उघडून दिले, त्याला त्या प्रकरणाचा कोणताही लाभ झाला नाही. पुढील कित्येक दशके या रोग्यांच्या बाबतीत हेच घडत राहिले.

मधल्या काळाचा वृत्तांत थोडक्यात सांगता येईल. 1922 मध्ये व्हर्न मेसन यांनी रोगाला आजचे नाव दिले. 1927 मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवून दिले की, प्राणवायू काढून घेतला की या पेशी वाकतात आणि परत दिला की बहुतेक पूर्ववत होतात. या प्रयोगाचा अर्थ मोठा होता, कारण प्राणवायूशी ज्याचा संबंध, त्या हीमोग्लोबिनकडेच तो बोट दाखवत होता. परंतु त्या काळच्या अमेरिकेत हा रोग कृष्णवर्णीयांच्या 'वंशाचा' दोष म्हणून पाहिला जात असे, आणि या पूर्वग्रहाच्या सावलीत पुष्कळांची चिकित्सक बुद्धी झाकोळून गेली. रुग्ण ज्या समाजातून येतो त्या समाजाविषयीची अनास्था संशोधनाची गती किती मंद करू शकते, याचे हे पहिले उदाहरण. दुसरे आपल्याच मुलखातले आहे, त्याकडे पुढे येऊ.

1945 साली हार्वर्डचे रक्तरोगतज्ज्ञ विल्यम कॅसल यांच्या तोंडून या पेशींचे वर्तन ऐकताच रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या मनात कल्पना चमकली की, दोष पेशीत नसून पेशीतील हीमोग्लोबिनच्या रेणूत असावा. ही कल्पना तपासण्याचे काम त्यांनी हार्वे इटानो या तरुण डॉक्टराकडे दिले. इटानो जन्माने अमेरिकन, वंशाने जपानी. बर्कलीच्या विद्यापीठात 1942 सालच्या तुकडीत तो सर्वोत्तम विद्यार्थी ठरला, पण पदवीदानाच्या दिवशी तो सभागृहात नव्हता, कारण युद्धकाळातील सरकारी हुकुमाने जपानी वंशाच्या हजारो नागरिकांबरोबर त्यालाही छावणीत स्थानबद्ध करण्यात आले होते. अशा माणसाच्या हातून रेणवीय वैद्यकाचा पाया घातला जावा, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते.

इटानोने प्रथम नाना रासायनिक उपाय करून पाहिले आणि अखेरीस विद्युत्‌संचरणाची रीत हाती घेतली. विद्राव्य प्रथिनावर विद्युत्‌भार असतो. विद्युत्‌क्षेत्रात ठेवले असता ते भाराच्या प्रमाणात सरकते. तेव्हा दोन प्रथिनांचा भार भिन्न असेल तर त्यांची चालही भिन्न असणार, हे या रीतीचे तत्त्व. निरोगी माणसाचे आणि रोग्याचे हीमोग्लोबिन त्या उपकरणात वेगवेगळ्या वेगाने सरकले. ज्यांच्या पेशी प्रयोगशाळेत वाकत असत पण ज्यांना स्वतःला आजार नव्हता, अशा माणसांच्या रक्तात दोन्ही प्रकार एकत्र आढळले. 1949 सालीच जेम्स नील यांनी कुटुंबांच्या पाहणीतून दाखवले होते की, अशी माणसे, म्हणजे वाहक, सदोष जनुकाची एकच प्रत बाळगून असतात आणि रोग्याला दोन्ही पालकांकडून एकेक प्रत मिळालेली असते. रसायन आणि आनुवंशिकी यांच्या साक्षी अशा तंतोतंत जुळल्या. पॉलिंग, इटानो, सिंगर आणि वेल्स यांचा निबंध नोव्हेंबर 1949 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या शीर्षकातच या रोगाला 'रेणवीय रोग' म्हटले होते.

पण रेणूत फरक आहे हे कळले, तरी तो कोठे आहे हे कळले नव्हते. आणि ते शोधण्याचा मान केंब्रिजकडे जायचा होता. तेथे मॅक्स पेरुट्झ हा व्हिएन्नाहून आलेला संशोधक 1937 पासून हीमोग्लोबिनचे स्फटिक क्ष-किरणांपुढे धरून बसला होता. या रेणूचा नाद त्याला प्राग येथील फेलिक्स हाउरोविट्झ यांनी लावला. या हाउरोविट्झांचे एक निरीक्षण येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. प्राणवायूविरहित हीमोग्लोबिनचे जांभळट, षट्‌कोनी स्फटिक ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असता आच्छादनकाचेच्या कडेने हवा आत शिरू लागली. ती जसजशी पुढे सरकली तसतसे जांभळे षट्‌कोन विरघळत गेले आणि त्यांच्या जागी प्राणवायूयुक्त हीमोग्लोबिनचे तांबडेलाल, सुईसारखे स्फटिक वाढू लागले. स्फटिकाची घडणच पालटते याचा अर्थ रेणूचा आकार पालटतो. म्हणजेच प्राणवायू घेताना आणि सोडताना हीमोग्लोबिन आपले अंग हलवते, ही गोष्ट त्या एका दृश्यात उघड झाली होती.

पेरुट्झ यांच्याच गटात, कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत, व्हर्नन इन्ग्रॅम काम करीत होते. ते ब्रेस्लाउ येथे जन्मलेले आणि नाझी राजवटीतून निसटून इंग्लंडात आश्रयास आलेले. जवळच फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनमधील अमिनो आम्लांचा संपूर्ण क्रम नुकताच उलगडला होता, त्यामुळे प्रथिनाची साखळी कडीकडीने वाचता येते हा विश्वास तेथील हवेतच होता. पण हीमोग्लोबिन इन्सुलिनहून कितीतरी मोठे. त्याचा क्रम पुरा वाचायचा म्हटले तर वर्षे लागली असती. इन्ग्रॅम यांनी सुटसुटीत तजवीज केली. ट्रिप्सिन या पाचक विकराने त्यांनी हीमोग्लोबिनचे सुमारे तीस तुकडे पाडले. त्या मिश्रणाचा थेंब मोठ्या गाळणकागदाच्या तावावर ठेवला. प्रथम विद्युत्‌प्रवाहाने तुकडे एका दिशेस सरकवले, मग ताव वळवून द्रावकाच्या ओढीने काटकोनात दुसऱ्या दिशेस सरकवले, कागद वाळवला आणि त्यावर निनहायड्रिन फवारले. कोऱ्या दिसणाऱ्या तावावर जांभळे ठिपके उमटले. प्रत्येक ठिपका म्हणजे एक तुकडा, आणि त्यांची मांडणी म्हणजे त्या प्रथिनाची ओळख. निरोगी हीमोग्लोबिनचा ताव आणि रोग्याच्या हीमोग्लोबिनचा ताव शेजारी ठेवले, तेव्हा सगळे ठिपके जागच्या जागी होते; एकच ठिपका आपली जागा सोडून बाजूस सरकला होता.

तो ठिपका कापून, त्यातील तुकड्याचे पृथक्करण करून इन्ग्रॅम यांनी 1957 साली जाहीर केले की, जेथे ग्लुटामिक आम्ल असावयास पाहिजे तेथे व्हॅलीन आहे. ही जागा बीटा साखळीतील सहावी, हे पुढे निश्चित झाले. हीमोग्लोबिनच्या रेणूत दोन अल्फा व दोन बीटा अशा चार साखळ्या असतात, अल्फात 141 आणि बीटात 146 अमिनो आम्ले. म्हणजे एकूण 574 कड्यांपैकी, दोन बीटा साखळ्यांतील मिळून, अवघ्या दोन कड्यांत फरक. बाकी 572 निर्दोष.

एवढ्याशा फरकाने एवढा अनर्थ कसा व्हावा? ग्लुटामिक आम्लावर ऋणभार असतो आणि ते पाण्याशी स्नेह राखते. व्हॅलीन भाररहित आहे आणि ते पाण्यापासून दूर राहू पाहते. फुप्फुसात, प्राणवायूने भरलेल्या अवस्थेत, रेणूच्या पृष्ठावरील हे व्हॅलीन निरुपद्रवी असते. परंतु ऊतकांत प्राणवायू सोडून देताना रेणू आकार पालटतो, आणि त्या पालटलेल्या आकारात शेजारच्या रेणूवर अशी एक खाच उघडी पडते की, तीत हे व्हॅलीन नेमके बसते. एक रेणू दुसऱ्याला चिकटतो, दुसरा तिसऱ्याला. पाहता पाहता ताठ तंतूंचे जुडगे तयार होतात आणि आतून रेटा देऊन पेशीला वाकवतात. 120 दिवस जगणारी तांबडी पेशी मग दहा-वीस दिवसांतच नाश पावते, त्यामुळे पांडुता येते. ताठरलेल्या पेशी केशवाहिन्यांत अडकतात, त्यामुळे रक्तपुरवठा तुटून हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा उठतात. बालपणीच प्लीहा निकामी होते आणि साधा जंतुसंसर्ग जिवावर बेततो. या रोग्याच्या वेदना बाहेरून दिसत नाहीत. पुष्कळदा सूज नाही, जखम नाही, मूल मात्र गुडघे पोटाशी घेऊन तळमळते. आणि त्याला आळशी, कामचुकार किंवा ढोंगी ठरवणारे शेजारी व शिक्षक पुष्कळ ठिकाणी असतात.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. ज्या आकारबदलामुळे रोग होतो, तोच आकारबदल हीमोग्लोबिनच्या निरोगी कार्याचाही प्राण आहे. कर्बद्विप्राणिल वायू वाढला की हीमोग्लोबिन प्राणवायू अधिक सहजपणे सोडते, हे ख्रिस्तियान बोर व त्यांचे सहकारी 1904 मध्येच पाहून गेले होते, म्हणजे ज्या वर्षी नोएल शिकागोत आला त्याच वर्षी. चार साखळ्यांपैकी एकीने प्राणवायू धरला की उरलेल्या अधिक तत्परतेने धरतात, आणि सोडतानाही तसेच. जेथे गरज तेथे देणे आणि जेथे मुबलकता तेथे घेणे, हा विवेक या रेणूच्या सांध्यांत आहे. पेरुट्झ यांनी 1959 साली त्याची त्रिमितीय रचना हाती मिळवली, 1962 मध्ये त्यांना केंड्रू यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ती हालचाल नेमकी कशी घडते याचा उलगडा त्यांनी 1970 मध्ये मांडला. प्रथिने पेशीचे नियमन आकार पालटून करतात, या आज सर्वमान्य झालेल्या सिद्धान्ताला हीमोग्लोबिनइतका दुसऱ्या कोणत्याच प्रथिनाने आधार दिला नसेल.

मग असे घातक जनुक टिकले कसे? याचे उत्तर केनियात लहानाचे मोठे झालेले अँथनी अॅलिसन यांनी 1954 साली दिले. पूर्व आफ्रिकेत जेथे हिवतापाचा जोर, तेथे वाहकांचे प्रमाण जास्त. उंचावरील थंड प्रदेशात ते कमी. सदोष जनुकाची एक प्रत बाळगणाऱ्या मुलाला हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळते, म्हणून दोन प्रती वाट्यास आलेल्यांचे बळी घेऊनही ते जनुक समाजात टिकून राहते. आपल्याकडील जंगलपट्ट्यांत हिवतापाचे ठाणे किती पुरातन आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना विदर्भात हे जनुक का सापडावे याचे नवल वाटणार नाही.

हिंदुस्थानात या जनुकाची नोंद 1952 साली झाली: लेमन आणि कटबुश यांना ते निलगिरीतील आदिवासींत आढळले, आणि त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांतही रोग असल्याचे वृत्त आले. नागपूरच्या शुक्ल आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील वाहकांविषयीचे आपले निवेदन 1958 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. इन्ग्रॅम यांच्या शोधानंतर अवघे एक वर्ष! नागपूरच्या वैद्यकाने जगाच्या बरोबरीने पाऊल टाकले होते. गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा या जमातींत, तसेच विदर्भातील अनुसूचित जातींत आणि इतर काही समाजांतही हे जनुक आहे, हे पुढील पाहण्यांनी स्पष्ट केले. 1980 नंतरच्या जनुकीय अभ्यासांनी असेही दाखवले की, आपल्याकडचे जनुक आफ्रिकेतून आलेले नसून अरबस्तान-हिंदुस्थानच्या टापूत स्वतंत्रपणे उद्भवले, आणि त्याच्या जोडीने गर्भकालीन हीमोग्लोबिनचे, म्हणजे बाळ गर्भात असताना त्याच्या रक्तात असणाऱ्या प्रकाराचे, प्रमाण बहुधा अधिक राहत असल्याने रोगाची तीव्रता काहीशी कमी असते. 'काहीशी कमी' या शब्दांचा मात्र फार दुरुपयोग झाला, असे माझे मत आहे. आपल्याकडचा रोग सौम्य, अशी समजूत करून घेऊन प्रशासन आणि वैद्यक दोघेही दीर्घकाळ स्वस्थ राहिले. मध्य भारतात तीव्र स्वरूपाचे रोगीही पुष्कळ आहेत, हे पाहण्याची तसदी फार उशिरा घेतली गेली. 1958 साली ज्ञान नागपुरात होते. ते गडचिरोलीच्या आणि धडगावच्या पाड्यांवर पोचण्यास अर्धशतक लागले. हा विलंब शास्त्राचा नव्हता.

शास्त्रज्ञांकडूनही प्रमाद घडले. ज्या पॉलिंग यांनी रोगाचे मूळ दाखवले, त्यांनीच 1968 साली अशी सूचना केली की, वाहक तरुण-तरुणींच्या कपाळावर गोंदून खूण करावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. हेतू दुःखनिवारणाचा होता, यात शंका नाही. पण माणसाच्या कपाळावर त्याच्या रक्ताचा दाखला डकवण्याची ही कल्पना मला केवळ अमानुष वाटते. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस गावीही संशोधकांनी वाहक शोधून त्यांना विवाहविषयक सल्ला दिला. परिणाम असा झाला की, वाहकांवर कलंक आला, लोक तपासणीचा निकाल लपवू लागले, आणि दोन वाहकांचे विवाह व्हायचे ते होतच राहिले. तपासणी करणे सोपे; तिचा निकाल माणसाच्या हाती सन्मानाने देणे कठीण.

उपचारांची हकीकत त्या मानाने आशादायक आहे. कर्करोगासाठी वापरले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भकालीन हीमोग्लोबिन वाढवते आणि वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आणते, हे 1995 मध्ये सिद्ध झाले. गोळी स्वस्त आहे. जन्मानंतर गर्भकालीन हीमोग्लोबिनचे उत्पादन बंद करण्याचा हुकूम बीसीएल-११ए या दुसऱ्या एका प्रथिनाकडून सुटतो, हे 2008 मध्ये उघडकीस आले. आणि त्याच प्रथिनाला रक्तपेशींपुरते निष्प्रभ करणाऱ्या जनुकोपचाराला 2023 च्या अखेरीस इंग्लंड व अमेरिकेत मान्यता मिळाली. एका प्रथिनाच्या दोषावर दुसऱ्या प्रथिनाच्या अंमलातून सुटका, असा हा मार्ग आहे. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर ठेवण्यात आली; तेव्हा मेळघाटातील आईने त्याची वाट पाहावी, असे कोणी म्हणू नये.

तिच्यासाठी आज जे उपलब्ध आहे ते साधे आहे. आश्रमशाळेत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेतात आणि नळीतील रसायनात सोडतात. नळीमागे ठेवलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा द्रवातून स्पष्ट दिसल्या तर रक्त निर्दोष, द्रव गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर संशय, आणि मग विद्युत्‌संचरणाने, म्हणजे इटानोच्याच रीतीने, पॅटर्न 'एएस' (वाहक) की 'एसएस' (रोगी) याचा निर्णय. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने या रोगाला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले आहे. 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून सात कोटी लोकांच्या तपासणीचे आणि 2047 पर्यंत रोगाच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट तिने जाहीर केले आहे.

या मोहिमेचे यश सरकारी दप्तरातील आकड्यांइतकेच आपल्या घरांतील वागणुकीवर ठरणार आहे. म्हणून नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, अमरावती, नंदुरबार, धुळे येथील वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की, आपल्या मुलामुलींची रक्ततपासणी लग्नाची बोलणी सुरू होण्याच्या पुष्कळ आधी, शाळा-महाविद्यालयाच्या वयातच करून घ्यावी. 'एएस' असलेली व्यक्ती रोगी नसते. तिने कोणत्याही 'एए', म्हणजे निर्दोष रक्ताच्या, व्यक्तीशी निःशंकपणे विवाह करावा, आणि त्या कारणावरून कोणीही तिचे स्थळ नाकारू नये. दोघेही 'एएस' असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल 'एसएस' होण्याचा संभव चारांत एक असतो; अशा जोडप्याने गरोदरपणाच्या आरंभीच जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन सल्ला घ्यावा. आणि घरात 'एसएस' मूल असेल, तर त्याच्या वेदनेवर विश्वास ठेवावा, त्याला पाणी भरपूर द्यावे, ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टराकडे न्यावे, आणि हायड्रॉक्सियुरिया सुरू करण्याविषयी डॉक्टरांना स्वतःहून विचारावे.